गिरीच्या शर्टांची वाकळ

३ फेब्रुवारी, सोमवार

जावेच्या बाळाची गोधडी विकत आणणार म्हणे! विकत!

सकाळी डबा भरत होते. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या. "प्रतिमा, भव्याच्या बाळासाठी तू काही शिवत बसू नको हं. तुझं क्लिनिक, सोनमची दहावी – तुला कुठे वेळ? दया बघून आलाय इंदिरानगरला. मऊ मऊ मिळतात, हत्तीची चित्रं असलेल्या." मी म्हटलं, आई, मला आहे की वेळ. त्या म्हणाल्या, "असू दे. तरी नको." आणि कोथिंबीर निवडायला बसल्या. ती मी काल संध्याकाळीच निवडून ठेवली होती.

माझ्या वेळेची एवढी काळजी या घराला कधीपासून? नणंदेच्या दोन्ही पोरांच्या गोधड्या मी शिवल्या. चुलत घरातल्या बाळांच्या मी शिवल्या. समोरच्या शिवाप्पांच्या नातवाची – ते कानडी, ते कौदी म्हणतात – तीही मीच. निपाणीला आमच्याकडे वाकळ म्हणतात. काहीही म्हणा, चामराजपेटच्या या गल्लीत बाळ जन्मलं की माझ्याकडे निरोप यायचा. आणि तेव्हाही मी नोकरी करतच होते!

फरक एवढाच की तेव्हा गिरी होता.

तोंडाने कोणी म्हणणार नाही. शिकलेलं घर. धाकट्या दिराकडे, दयाकडे, एमबीएची पदवी आहे. "विधवेच्या हातची नको" हे वाक्य इथे कुणाच्या तोंडून निघायचं नाही. त्यापेक्षा हत्ती आणतील.

मी शिवणार आहे. इथे लिहूनच ठेवते.

५ फेब्रुवारी, बुधवार

बसमध्ये उभ्यानेच जे. पी. नगर. क्लिनिकात दिवसभर दात, दात आणि दात. एका आजोबांनी कवळी रुमालात बांधून आणली आणि रुमालच बसमध्ये विसरले. त्यांना धीर देता देता माझा चहा गार.

डॉक्टर सुप्रीतांनी मुलाच्या लहानपणच्या कपड्यांची पिशवी दिली. मुलगा जर्मनीला चाललाय, त्याच्यासाठी गोधडी हवी. "स्वल्प लवकर झाली तर बरं." जेवणाच्या सुट्टीत बटणं काढत बसले. त्यांनी सहज विचारलं, "आणि घरच्या बाळाची?" मी म्हटलं, चाललीये. खोटं नाही बोलले. फक्त सुरुवात झाली नव्हती!

९ फेब्रुवारी, रविवार

ट्रंक उघडली.

गिरीला जाऊन जूनमध्ये दोन वर्षं होतील. शर्ट तसेच, इस्त्रीचे. सगळे फरशीवर पसरले. निळा चौकड्यांचा, दुकानात घालायचा – खिशापाशी बॉलपेनचा डाग. पिस्ता रंगाचा, माझ्या भावाच्या लग्नातला. पांढरे सगळे कॉलरला विरलेले. बाळाला विरलेलंच हवं. नव्या कापडाची खळ टोचते.

सोनम दारात. "अम्मा, अप्पांचे शर्ट कापणार?"

"हो."

"बाळासाठी? अज्जी ओरडेल."

"ओरडू दे."

आत आली. मग निळा चौकड्यांचा उचलला, तिथल्या तिथे अंगात चढवला आणि अभ्यासाला गेली. तो गेला हातचा! राहिले पिस्ता आणि पांढरे.

पहिली कात्री लावताना हात थांबला, खोटं कशाला सांगू. मग त्याचाच रविवार आठवला. मी शिवायला बसले की तो सगळ्या सुया एकदम ओवून उशीला टोचून ठेवायचा. "घे. आता दिवसभर मला हाक मारायची नाही." आणि मग स्वतःच सारखा येऊन डोकावायचा – कुठपर्यंत आलं गं? अशा माणसाच्या शर्टात अशुभ काय असणार? बाळाचा दोडप्पा आहे तो, सख्खा मोठा काका.

कापला. टर्रर्र!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लपून शिवत नाही. गच्चीत, उजेडात, शेजारणींच्या डोळ्यांदेखत बसते. सासूबाई पापड वाळत घालायला आल्या आणि थबकल्या. "हे काय?" बाळाची वाकळ, म्हटलं. "मी नको म्हणाले होते." "हो आई. म्हणाला होतात." पापड तसेच घेऊन खाली गेल्या.

मग संध्याकाळी भव्या आली. जिना चढून! तिला जिने बंद, प्रवास बंद – म्हणून तर हुबळीला माहेरी न जाता बाळंतपण इथे. धापा टाकत पायरीवर बसली.

"अक्का, रागावू नको. मी असलं काही मानत नाही. पण दोनदा गेलंय माझं. मला आता कशाचीही भीती वाटते. मांजर आडवं गेलं तरी वाटते." आणि रडायलाच लागली.

काय बोलणार? दोन्ही वेळा हॉस्पिटलात तिच्या उशाशी मीच होते. तिची भीती खरी आहे, मला ती दिसते. पण मांजराच्या शेजारी मला नेऊन बसवलं, ते मात्र लागलं.

म्हटलं, "तू स्वतः मागेपर्यंत ही तुझ्या बाळाजवळ येणार नाही. शब्द देते. पण शिवायचं थांबणार नाही."

"सरी, अक्का." बरं म्हणत नाक पुसलं. उठताना पिस्ता कापडावरून हात फिरवला. "भावजींचा ना हा?"

हो गं बाई, त्यांचाच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हत्ती आले. आत कापूस कसला, सगळं प्लास्टिक. मी काही बोलले नाही. – बोलले. "छान आहे" म्हटलं. दयाला माझा आवाज ओळखता येतो, तो लगेच बाहेर गेला.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज सीमंत. निपाणीत डोहाळजेवण म्हटलं असतं.

सकाळीच सासूबाई: "प्रतिमा, तू आतलं बघ. हॉलमध्ये गर्दी होईल." आतलं काय बघायचं? जेवण केटररचं! गॅस बंद, ओटा कोरडा. मी आणि सासूबाई, दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसून रिकाम्या ओट्याकडे बघतोय. बाहेर बांगड्या, हसणं, नादस्वर मोबाइलवर.

मी उठले. "कुठे?" "बघायला." त्यांनी पदर धरायला हात पुढे केला होता, असं मला वाटलं. पण धरला नाही.

मोहरी रंगाची सिल्क नेसले होते. शिवणाची पिशवी घेतली आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसले. वाकळ मांडीवर पसरली. चुलत सासूबाई चंद्राबाई ओटीचं ताट घेऊन उभ्या – आपलं सवाष्णपण त्या सरकारी नोकरीसारखं मिरवतात. म्हणाल्या, "अगं, तू आत..."

"आत काम नाही काकी. केटरर आहे."

"तसं नाही गं. ओटी भरतायत..."

"भरा की. मी बघते."

"आणि हे काय घेऊन बसलीस?"

"बाळाची वाकळ. गिरीच्या शर्टांची." मुद्दाम मोठ्यांदा बोलले. मागच्या रांगेपर्यंत गेलं.

दया कानाशी आला. "वहिनी, प्लीज." मी म्हटलं, "बस की दया, शेजारची खुर्ची रिकामी आहे." बसला नाही.

ओटी भरायला मी पुढे गेले नाही. भव्याचा जीव टांगणीला लावायचा नव्हता. पण शेवटची बाई उठेपर्यंत जागची हलले नाही. टाके घालत राहिले. नजर ओटीच्या ताटाकडे होती, तेवढे टाके वाकडे आलेत. उसवणार नाही. राहू देत तसेच.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सासूबाई बोलत नाहीत. चहा मात्र ठेवतात – नेहमीसारखा, कमी साखरेचा.

८ मार्च, शनिवार

महिला दिन! क्लिनिकात प्रत्येकीला एक गुलाब. सगळ्यांसमोर डॉक्टर म्हणाल्या, प्रतिमा, दोन शब्द बोला. मी म्हटलं, "गुलाब राहू द्या, शनिवारी अर्धा दिवस सुट्टी द्या." सगळ्या हसल्या. मी हसत नव्हते. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. मिळाली!

आता शनिवार दुपार शिवणाची. सोनमची परीक्षा तोंडावर, ती घोकते, मी टाके घालते. तिने इतिहासाचं एक उत्तर मला एवढ्या वेळा म्हणून दाखवलंय की मीच पेपर देईन.

१६ मार्च, रविवार

झाली वाकळ.

बाहेरून आत, कडेकडेने फिरत फिरत, मधोमध येऊन थांबले. आमच्या आईची रीत – शेवटचा चौकोन बंद करायच्या आधी वाकळीच्या पोटात भाकरीचा तुकडा घालायचा. उपाशी वाकळ ऊब देत नाही म्हणायची. भाकरी करायला गेले तर सासूबाई ओट्यापाशी. "या वेळी कसली भाकरी?" सांगितलं. वाटलं, आता काहीतरी ऐकवतील. त्यांनी डब्यातलं पीठ काढून परात माझ्याकडे सरकवली आणि बाहेर गेल्या.

वाकळ धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवली. शब्द दिलाय.

२ एप्रिल, बुधवार

मुलगी! दोघी सुखरूप!

क्लिनिकात फोन आला आणि मी एका पेशंटला अपॉइंटमेंटच्या जागी "अभिनंदन" म्हटलं. सोनमचा शेवटचा पेपर राहिलाय, तरी ती नाचतेय. हॉस्पिटलात दया काचेला नाक लावून उभा. मला बघून म्हणाला, "वहिनी, नाक अण्णासारखं आहे." मग दोघंही रडलो. हे माझं सीमंत झालं म्हणायचं.

७ एप्रिल, सोमवार

कामावरून आले तर घरात रडारड. केवढं हे एप्रिलचं ऊन! बाळाच्या पाठीवर, मानेवर लालबुंद पुरळ. हत्ती काढला की पंख्याखाली बाळाला गार लागतं, घातला की भाजतं. भव्याचे डोळे सुजलेले. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अक्का, ती दे."

"कोणती?" मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. हो, होतं!

"भावजींची."

ट्रंकेतून काढून दिली. बाळंतपणाला आलेली भव्याची आई तिथेच होती. सासूबाई दारातून बघत होत्या. बाळ पिस्त्यावर गाल ठेवून झोपलं. तसंच झोपलंय अजून.

११ एप्रिल, शुक्रवार

पुरळ गेलं. वाकळीला दुधाचा वास लागलाय.

१३ एप्रिल, रविवार

बारसं झालं. नाव भूमी. काय झालं ते सगळं लिहिते.

सकाळी पाळणा सजवायला गेले, तर आत हत्ती. "वाकळ कुठेय?" भव्या माझ्याकडे बघेना. कपाटाकडे बघितलं तिने. "अक्का, फक्त आजचा दिवस. सगळे येणार ना. उद्या परत काढू."

रोज चालते ती. लोक आले की कपाटात.

गिळलं. खरंच गिळलं, कारण पोरीचं बारसं. आमंत्रितांना कॉफी देत राहिले. मग पाच सवाष्णी पाळण्याभोवती उभ्या राहिल्या आणि माझं लक्ष सासूबाईंकडे गेलं. पहाटेपासून घुगऱ्या, पुरण, सगळं त्यांनी स्वतः केलं – या वेळी केटरर नको म्हणाल्या होत्या. आणि पाळण्याची वेळ झाली तसे त्यांनी हात पुसले आणि कुणी न सांगता पडद्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. दया शाळेत असताना सासरे गेले, तेव्हापासून त्यांची ही जागा. माझ्या लग्नातही त्या तिथेच होत्या. माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत माझी सासू नाही!

नातीचं नाव ठेवतायत आणि आजी टाचा उंचावून पडद्याच्या फटीतून बघतेय. आणखी काही वर्षांनी सोनमच्या लग्नात त्या फटीशी मी असेन.

सरळ गेले, कपाट उघडलं, वाकळ काढली.

"काकी, जरा थांबा. बाळ रोज यावर झोपतं. आज का नको, कोणी सांगेल मला?"

चंद्राबाई म्हणाल्या, "प्रतिमा, शुभकार्यात वाद नको."

"मी वाद घालत नाही काकी. विचारतेय."

दया मध्ये आला. "वहिनी, आज नको. हात जोडतो." खरंच जोडले. भव्याची मान खाली, मांडीवर थेंब पडतायत.

मी वाट बघितली. मग वाकळीची घडी केली आणि भव्याच्या मांडीवर ठेवली. "ही भूमीची. कपाटात ठेवायची असेल तर ठेवा. मला मात्र कपाटात राहता येणार नाही."

चपला घातल्या. कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभं राहून कॉफी प्यायले, सिल्कची साडी नेसून, एकटी. दोन कप! दुसरी पहिलीपेक्षा चांगली होती.

१४ एप्रिल, सोमवार

सासूबाईंनी तोंड उघडलं. "चार माणसांत तोंड वर करून बोललीस. मी नाही राहिले आयुष्यभर मागे? मला काय झालं?"

"तेच विचारते आई. काय झालं तुमचं?"

कुकरचं झाकण असं आदळलं की शिट्टी उडून कपाटाखाली गेली. दोघींनी वाकून शोधली. सापडली. मग पुन्हा अबोला.

२० एप्रिल, रविवार

जे. पी. नगरला घर बघितलं. क्लिनिकच्या मागची गल्ली, वरचा मजला, दोन खोल्या, खिडकीत भरपूर उजेड – मशीनला जागा. सोनमचं अकरावीचं पी.यू. कॉलेजही तिथून जवळ पडेल.

घरमालकीण कानडीत विचारत होती – यजमान काय करतात? म्हटलं, वारले. मग घरी कोण कोण? मी आणि माझी मुलगी. ती विचारात पडली. मी म्हटलं, "अक्का, भाडं वेळेवर येईल, आवाज होईल तो फक्त शिवणयंत्राचा. हो की नाही, आत्ता सांगा. मला बस गाठायचीये." तिने चावी काढली.

सोनम रिकाम्या खोलीत आडवी झोपून म्हणाली, "अम्मा, इथे प्रतिध्वनी येतो!"

२७ एप्रिल, रविवार

सांगून टाकलं. जेवणं झाल्यावर, सगळे असताना.

दया: "वहिनी, लोक काय म्हणतील? भावजयीला घराबाहेर काढलं म्हणतील!" मी म्हटलं, "सांग त्यांना, ती आपल्या पायांनी गेली." तो म्हणाला, "एका गोधडीसाठी?" ज्याला गोधडीच दिसली, त्याला काय सांगू?

भव्या भूमीला घेऊन खोलीत आली. "अक्का, मी बोलायला हवं होतं त्या दिवशी." हो, म्हटलं, हवं होतं. बाळाला माझ्याकडे दिलं तिने. मी घेतलं. तिच्यावर राग नाही माझा, आणि माया उरली नाही असंही नाही – माया आहे, तरी जातेय.

सासूबाई ताटं उचलत होत्या.

३ मे, शनिवार

वाकळ गच्चीत, रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर वाळत घातलेली. भव्याने घातली. चंद्राबाईंच्या घरातून थेट दिसते. बरं वाटलं. बांधाबांध चालू ठेवली.

४ मे, रविवार

मशीन, ट्रंक, गाद्या टेम्पोत गेल्या, सोनम पुढे बसून गेली. दयाने माझ्यासाठी रिक्षा आणली आणि तोंड फिरवून उभा राहिला. देवाला नमस्कार करून खाली उतरते, तर रिक्षात सासूबाई! मांडीवर दोन साड्यांची कापडी पिशवी, पायाशी नव्या घरात आधी न्यायची पाण्याची कळशी. रिक्षावाल्याला पत्ता सांगून झाला होता.

"आई! तुम्ही कुठे?"

"बघत काय राहिलीस? चढ. मीटर पडतंय."